हेमकांतरावांची कमान आणि काजलबाईंची पाऊलवाट

श्री कानबाई माउली प्रसन्न.

भर दुपारी घरात भांड्यास भांडे लागत नाही ऐसा समय असता ओसरीवरून 'चूं' ऐसा एक ध्वनी उठला, आणि मग काही वेळ काहीच नाही, आणि मग पुन्हा 'चूं'. ज्यांचे घरी लेकरू आहे त्यांस सांगणे न लगे की ही टाचेत शिटी असलेल्या चपलांची नौबत होय, ज्या चपला जत्रेत कौतुके घेतात आणि मग सगळी गल्ली मिळोन त्या कौतुकाचा पश्चात्ताप करिते. दोन्ही चपला पायी असत्या तर जोडनाद उठता. परंतु उजवी तेवढी उरली होती. डावी लढाईत कामास आली, ते वर्तमान पुढे येईल. तर अखंडितलक्ष्मीअलंकृत चिरंजीव काजलबाईसाहेब एका पायी चप्पल आणि एका पायी नुसती धूळ ऐशा थाटे ओसरीची गस्त आटोपून मातुश्रींचे मांडीवर विराजमान जाहल्या, आणि हुकूम फर्माविला की, बालवाडीची वाट कोणी बंद केली, काय म्हणोन केली, आणि मग उघडली कशी, हे पहिल्यापासून सांगावे, मधले गाळू नये, आणि मध्येच भाजी पाहावयास उठू नये.

हुकूम मस्तकी धरोन, साहेब निजल्यावर, कणीक भिजत घालोन, जितकी सवड हाती लागली तितकीत ही हकीकत लिहिली आहे. कोठे अक्षर वाकडे गेले असेल तर तेथे दूध उतू गेले ऐसे समजावे. कोठे ओळच तुटली असेल तर तेथे साहेब झोपेत दचकले आणि पाठीवर हात ठेवणे प्राप्त जाहले.

तर शहादे परगणियात, ब्राह्मणपुरी आणि म्हसावद या नामांकित ठाण्यांचे आसपास, एक गाव आहे. त्याचे नाव लिहीत नाही, कारण तेथेच सासर आहे आणि तेथेच राहणे आहे. गावाची वस्ती एकीकडे, बालवाडी, शाळा आणि नदी दुसरीकडे, आणि मध्ये राजश्री हेमकांतरावांचे पपईचे रान. त्या रानाचे कडेने एक पाऊलवाट होती. ती कोणी आखिली नाही आणि तिचा नारळ कोणी फोडिला नाही. माणसे चालली म्हणोन पडली. तिजवरून बाया चाऱ्याचे भारे आणीत, शेरडे जात, शाळेची पोरे जात, सासुरवाशिणी नदीवर धुणे घेऊन जात आणि घरी न बोलता येणारे सगळे वाटेत बोलून मोकळ्या होऊन परत येत. तीवर मोटार चालत नसे, बैलगाडीही चालत नसे. दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने बांधावर चढावे आणि दुसऱ्यास वाट द्यावी, इतकाच काय तो कायदा, आणि तो मोडिल्याचे कोणास स्मरत नाही.

आता हेमकांतरावांची कीर्ती. हे साहेबांचे तीर्थरूपांचे थोरले चुलतबंधू, पपईचे व्यापारात नाव काढिलेले, बोलण्यात गोड, कपड्यास इस्त्री. यांचे घरी एके दिवशी पांढरी मोटार आली, आणि त्या दिवसापासून रावांचे पाय जमिनीस लागणे कमी कमी होत गेले. समोरचे दुकानी तंबाखूची पुडी आणावयाची तरी मोटार निघे, आणि मोटार वळवावयास जागा नसल्याकारणे शिवेपर्यंत जाऊन परत येई, आणि मग राव काच खाली करोन पुडी मागत. गल्लीतील कुत्री प्रथम भुंकली, मग त्यांसही लाज वाटली आणि ती गप्प राहिली. मग रावांनी रानात, पाऊलवाटेचे तोंडाशी, एक टुमदार बंगली बांधिली, आणि मोटार तेथे निंबाचे सावलीस उभी राहू लागली.

आणि येथेच कलागतीचे बीज पडले. एके सकाळी काजलबाईसाहेबांची स्वारी चूं-चूं करीत बालवाडीकडे चालली असता निंबाखाली ती मोटार दिसली. तिजवर धुळीचा ऐसा सुरेख थर की पाटीस लाजवील. साहेबीं बोट पुढे केले आणि दरवाजावर एक सूर्य काढिला, त्यास डोळे काढिले, आणि शेजारी एक बाई काढिली, तिला हात पुष्कळ होते. मातुश्रींनी विचारले, ही कोण, तर साहेब म्हणाले, तूच. हात इतके कशास, तर म्हणाले, कामे खूप आहेत. मातुश्रींस हसू आले आणि डोळ्यांसही काही आले, आणि तेवढ्यात बंगलीचे दारी हेमकांतराव उभे दिसले.

रावांनी मोटारीस हात लावून पाहिला, वाकून पाहिले, दुरून पाहिले, आणि ओरखडा पडला ऐसे जाहीर केले. पुढे मोटार धुतली तेव्हा सूर्यही गेला आणि बाईही गेली आणि ओरखडा कोठेच नव्हता. परंतु तोवर रावांची मसलत पक्की जाहली होती. त्यांनी म्हसावदेहून भटू वेल्डिंगवाला यास बोलाविणे पाठविले, आणि वाटेचे तोंडावर लोखंडी फाटक, दोहों अंगांस काटेरी तार, फाटकावर कमान, आणि कमानीवर पितळी अक्षरांनी आपले नाव, ऐसा किल्ला उभा करविला. भटूने पुसले, उंची किती धरावी. रावांनी मोटार कमानीचे जागी आणवून उभी केली आणि म्हणाले, हिजवर हातभर. भटूने मोटारीचे माप घेतले. माणूस डोईवर काही घेऊन चालतो आणि तेव्हा त्याची उंची वाढते, हे माप रावांचे ध्यानी आले नाही, आणि भटूस कोणी पुसले नाही. वाचणाऱ्याने ही गोष्ट गाठीस बांधून ठेवावी.

फाटकास कुलूप पडले आणि फर्मान सुटले की, रान खासगी आहे, ज्यास नदीवर, शाळेत अथवा बालवाडीत जाणे असेल त्याने डांबरी सडकेने वळसा घालून जावे, सडक सरकारने त्यासाठीच केली आहे. बायांचा जमाव फाटकाशी गेला, तेव्हा रावांनी मोटारीची काच जराशी खाली करून सांगितले, "आते पाये कोन चालस? जमाना बदली गया." जमावात कौसाबाई होती, जन्मभर भारे वाहूनही मान ताठ राहिलेली बाई. ती गोड आवाजात म्हणाली, "भाऊ, पाय तं तुम्हलेबी देवनी दियेल शेतस, का गाडी घेवावर वापस लिधात?" जमाव हसला. काच वर गेली. त्या दिवशी तेवढीच फत्ते.

मग सडकेचा मामला. ही डांबरी सडक म्हणजे शूरांचे काम. तीवर वाळूचे डंपर, खताचे ट्रक आणि घाईत असलेल्या मोटरसायकली ऐशा फौजा दोहींकडून चालून येतात, आणि कडेने चालणारा हा त्यांचे हिशेबी नाही. कडेला जागा म्हणावी तर एकीकडे बाभळीचे काटे आणि दुसरीकडे पाण्याची चारी. पावसाळी दिवस, सडकेस पाणी. काजलबाईसाहेब मातुश्रींचे बोट धरून चालत असता मागून एक डंपर आला. त्याने शिंग वाजविले नाही. मातुश्रींनी साहेबांस दंडास धरून जे ओढिले ते चारीत दोघी एकावर एक पडल्या, आणि उठून पाहतात तो साहेबांचा डावा पाय अनवाणी, आणि चप्पल सडकेवर, चपटी. साहेब म्हणाले, तिला उचल, ती चूं करील. मातुश्रींनी उचलली. तिने चूं केले नाही. येणेप्रमाणे डावी चप्पल कामास आली. त्या सायंकाळी मातुश्रींच्या भाकऱ्या थापताना फाटत होत्या, आणि सासूबाई म्हणाल्या की पीठ बिघडले आहे.

त्या दिवसापासून साहेबांची बालवाडी सुटली. सडकेने नेणे मातुश्रींच्याने होईना आणि वाटेस कुलूप. सकाळी वारा नदीकडला असला म्हणजे बालवाडीतील प्रार्थना पपईच्या रानावरून घरापर्यंत येई, आणि साहेब पाठीस दप्तर लावून, एका पायी चप्पल घालून, ओसरीवर उभे राहून ती प्रार्थना हात जोडून म्हणत, आणि प्रार्थना संपली म्हणजे दप्तर काढून खुंटीस लावीत आणि म्हणत, सुट्टी झाली. असे किती दिवस चालले ते मोजिले नाही. मोजवले नाही.

मग दाद मागणे. प्रथम साहेबांचे तीर्थरूप नवलराव, सुरत मुक्कामी साड्यांचे कारखान्यात चाकरीस, यांस टेलिफोने इतल्ला दिली. नवलराव म्हणाले, दादाशी मी बोलतो, आणि मग दादाशी बोलले, आणि मग परत फोन करून म्हणाले, दादा म्हणतात तेही बरोबर आहे. ग्रामसभेत विषय काढिला, तर अर्धी सभा रावांची देणेकरी आणि अर्धी पाहुणी, आणि ठराव ऐसा जाहला की भावकीचा विषय भावकीने पाहावा. मग तालुक्याहून एक अंमलदार पाहणीस आले. त्यांचे नाव आणि कचेरी लिहिण्याचे प्रयोजन नाही; त्यांस ओळखणे कठीण नाही, कारण ते जीपमधून खाली उतरले नाहीत. जीप फाटकापाशी आली, पुढे कुलूप, खाली चिखल, आणि अंमलदारांचे बूट नवे. सबब काचेआडून चौफेर नजर फिरविली आणि अहवाल लिहिला की, सदर ठिकाणी पुढे वाहन जात नाही, करितां रस्ता आढळून आला नाही. पाऊलवाटेवर वाहन चालत नाही म्हणोन पाऊलवाट नाही! मासा उडत नाही म्हणोन तळे नाही, ऐसा हा इन्साफ. आणि त्यावर शिक्काही मारिला.

शेवटी मातुश्री पदर सावरून जमनाबाईंचे पायाशी जाऊन बसल्या. जमनाबाई म्हणजे हेमकांतरावांच्या आई, भावकीत सर्वांहून थोर. सगळी भावकी यांस मोठी माय म्हणे. मातुश्रींनी चप्पल दाखविली. मोठ्या मायने ती हाती घेतली, दाबून पाहिली, आणि परत दिली. म्हणाल्या, पोरगा मोठा झाला, माझे ऐकतो कोण. आणि लसूण सोलू लागल्या. मातुश्रीही बसून लसूण सोलू लागल्या, आणि टोपली भरली तेव्हा उठून घरी आल्या.

ऐशा रीतीने माणसांचे सगळे दरबार फिरून जाहले आणि श्रावणमास आला, आणि नागपंचमी होऊन आदित्यवारी कानबाईचे मांडणे आले. परमुलखींचे वाचणाऱ्यांसाठी लिहिते की, खानदेशी नारळाची कानबाई मांडितात, तिला नथ घालितात, साडी नेसवितात, भावकी सगळी थोरल्याचे घरी जमून रोट खाते, आणि सोमवारी सकाळी भावकीतील एक सवाष्ण तिचा पाट डोईवर घेऊन पायी नदीस पोचविते. ज्याचे घरी ती येत नाही त्याचे घरास घर म्हणत नाहीत. आणि या घराण्याची रीत ऐसी की, घराचा उंबरा सोडल्यापासून नदीचे पाणी दिसेपर्यंत पाट कोठे टेकवावयाचा नाही आणि डोई बदलावयाची नाही.

गेली दोन वर्षे ऐन श्रावणात भावकीत सुतक पडल्याकारणे कानबाई मांडिली नव्हती. त्या दोन वर्षांत मोटार आली, बंगली आली, फाटक आले, कमान आली. आणि रावांस हे विस्मरण जाहले की नदीस जावयाची कानबाईची वाट तीच, जिला आपण कुलूप घातले. आणि पाट वाहावयाची पाळी यंदा धाकट्या पातीकडे होती, म्हणजे नवलरावांचे कुटुंब सौभाग्यवती सुषमा, म्हणजे साहेबांच्या मातुश्री.

सोमवारी सकाळी रावांनी आपली मसलत उघड केली. मोटार धुऊन, झेंडूच्या माळा घालून, मागचे आसनावर रेशमी चादर अंथरून दारी उभी केली, आणि सांगितले की, कानबाई यंदा मोटारीने सडकेवरून जाईल, एसी लावून ठेविला आहे. भावकीतील तरण्या पोरांस ही कल्पना फार पसंत पडली आणि त्यांनी फोन काढून चित्रे घेण्यास आरंभ केला. मोठी माय उंबऱ्यावर आल्या, मोटारीकडे पाहिले, आणि म्हणाल्या, "कानबाई गाडीमां बसत नही. ती पाये येस, पाये जास." राव म्हणाले, ठीक आहे, पायी तर पायी, फाटक उघडतो. आणि त्यांचे मनी आले की, देवी आपले नावाखालून जाईल, तरणी पोरे त्याचे चित्र काढतील, यात आपली शोभाच आहे, आणि मग सायंकाळी कुलूप आहेच. त्यांनी स्वहस्ते कुलूप काढून दोन्ही कवाडे सताड उघडिली आणि कमानीस माळ घातली.

मग वाजंत्री लागली आणि कूच जाहले. मातुश्रींचे डोईवर चुंबळ, चुंबळीवर पाट, पाटावर कलश, कलशावर नारळाची कानबाई नथ घालून, आणि वर केळीचे पानांचे मखर. पुढे बायांचे गाणे, मागे भावकी, कडेने कौसाबाई आणि तिच्या सोबतिणी, ज्यांस भावकीत स्थान नव्हते परंतु वाटेवर होते. आणि मातुश्रींच्या निऱ्या धरून, एका पायाने चूं करीत, काजलबाईसाहेब खासे. स्वारी पपईच्या रानाशी आली, बंगली आली, फाटक आले. मातुश्रींनी एक पाऊल पुढे टाकिले आणि मखर कमानीस लागले. केळीचे पान फाटले. मातुश्री थांबल्या.

वाजंत्री थांबली. मागून भावकी येऊन पुढच्यावर आदळली आणि काय झाले, काय झाले, ऐसा गलबला उठला. कमान मोटारीहून हातभर उंच होती, आणि कानबाई कमानीहून हातभर उंच होती.

हेमकांतराव पुढे आले. जेठ आहेत, म्हणोन मातुश्रींचा पदर पुढे होता आणि तोंडास तोंड देऊन बोलणे रीतीस नाही. राव गोडीने म्हणाले, "सुषमा, जराखं वाक. एक पाऊलनी गोट शे."

खरे लिहावयाचे तर मातुश्रींनी आधी काही योजिले नव्हते. त्यांस रात्रीचे जागरण होते, मानेस कळ होती, आणि मनात इतकेच होते की पाट सांभाळून नदीस पोचावे. परंतु मखर लोखंडास लागल्याची जी थरथर पाटातून डोईस आली, आणि निऱ्यांपाशी जे एक चूं जाहले, त्यांनी त्यांचे पाय तेथेच रोविले. त्या जेठांकडे वळल्या नाहीत. जमनाबाईंकडे तोंड करून म्हणाल्या, "मोठी माय, मी वाकसू. कानबाई वाकाव नही."

मग तहाची बोलणी सुरू जाहली. एक म्हणाला, पाट क्षणभर खाली घ्या; तर बाया म्हणाल्या, टेकवावयाचा नाही. दुसरा म्हणाला, मखर काढा. तर म्हणाल्या, मांडल्यावर उतरवीत नाहीत. तिसरा म्हणाला, मागे फिरून सडकेने चला. तर कौसाबाई म्हणाली की निघालेली कानबाई मागे फिरलेली मी पाहिली नाही, तुम्ही पाहिली असल्यास सांगा. एक शिकलेला म्हणाला, दोरीने मोजून तिरपे न्या. आणि हे सगळे बोलणे होत असता ओझे एकीचेच डोईवर होते. मातुश्रींचे कपाळी घाम आला आणि तो डोळ्यांत उतरला, आणि पुसावयास हात मोकळा नव्हता. तेव्हा कौसाबाईने एक कोपर धरिले आणि दुसरीने दुसरे धरिले, आणि पाटास हात न लाविता दोघींनी मातुश्रींस उभे धरिले. साहेब खालून वर पाहत होते. साहेबीं पुसले, जड आहे का. मातुश्री म्हणाल्या, नाही.

मोठी माय इतका वेळ कमानीवरील पितळी अक्षरांकडे पाहत होत्या. त्यांस वाचता येत नाही. त्यांनी लेकास जवळ बोलावून पुसले की वर काय लिहिले आहे. राव म्हणाले, माझे नाव. मोठ्या मायने एकदा नाव पाहिले, एकदा कानबाई पाहिली, आणि सगळी भावकी ऐकेल ऐशा आवाजात म्हणाल्या, "तुन्हं नाव वर, आनि कानबाई तेन्हा खालथीन? भटूले बलाव. काप ते."

राव काही बोलू गेले. मोठी माय म्हणाल्या की, ही येथून माघारी गेली तर पुढील साली तुझे घरी मी नारळ मांडणार नाही, तुझ्या मोटारीत बसून खा तुझा रोट. रावांचा चेहरा उतरला. बंगली, मोटार, पितळी अक्षरे हे सगळे ज्यास दाखवावयाचे ती भावकी मागे उभी होती, आणि ती पहिल्यांदाच त्यांजकडे न पाहता जमिनीकडे पाहत होती.

भटू म्हसावदेहून मोटरसायकलीवर कटर बांधून आला. आपले काम पाहून त्यास वाईट वाटले. म्हणाला, "भाऊ, मजबूत बनाड ऐसं तुम्हीच म्हनेल व्हतात. आते वेळ लागी." आणि वेळ लागला. ठिणग्या उडाल्या, पोरे टाळ्या वाजवू लागली, आणि पितळी नाव आधी एका अंगाने कलले, मग लोंबले, मग चिखलात पालथे पडले. वाजंत्री सुरू जाहली. मातुश्रींनी न वाकता पाऊल टाकिले आणि कानबाई पार जाहली. मागून बाया गेल्या, पोरे गेली, भावकी गेली, आणि कौसाबाईने जाता जाता पितळी अक्षरे उचलून काळजीने बांधावर ठेविली, की कोणाचे पायात भरू नयेत.

आता पुढील नवल. श्रावणात काळी जमीन पाणी पिऊन फुगते आणि खांबास एका जागी राहू देत नाही. दोन्ही खांबांस कमानीनेच धरून ठेविले होते. कमान गेली आणि एक खांब बांधाकडे झुकला आणि दुसरा बंगलीकडे, आणि सायंकाळी राव कुलूप घेऊन आले तो कवाडे एकमेकांस भेटेनात. रावांनी लोटून पाहिले, खांदा लावून पाहिला. फाटक उघडे ते उघडेच राहिले. परंतु मग मोकळी जागा पाहून मोटरसायकली आणि डीजेची पिकअप त्या वाटेत घुसू लागल्या, चिखल जाहला, आणि कौसाबाईचा भारा एका शिंगाने दचकून पडला. तेव्हा मोठ्या मायने नदीतून थोर थोर गोटे आणविले आणि वाटेचे तोंडाशी ऐसे पुरून घेतले की, दोहोंमधून माणूस जाईल, भारा घेऊन बाई जाईल, शेरडू जाईल, कानबाई जाईल, आणि चाक जाणार नाही.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. तहाची नोंद ऐसी की, सदर पाऊलवाट ज्यास पाय आहेत त्या सर्वांस, भावकी असो वा नसो, पूर्ववत चालावयास मोकळी. तीवर चाक चालविणाराने खाली उतरावे. आणि समोरून माणूस आले असता एकाने बांधावर चढावे, हा जुना कायदा कायम. राजश्री हेमकांतराव आता मोटार सडकेवर ठेवून, पाटलोण गुंडाळून, नवे बूट हाती धरून, गोट्यांमधून आपले बंगलीस जातात, आणि समोरून भारा आला म्हणजे बांधावर चढतात. पहिल्या दिवशी चढताना घसरले. कौसाबाईने एका हाते भारा सावरून दुसरा हात दिला.

काजलबाईसाहेबांची स्वारी मंगळवारीच बालवाडीस रुजू जाहली. नव्या चपला घेऊ म्हटले तर साहेबीं नकार दिला, की आहे ती वाजते. एक पाऊल चूं, एक पाऊल मुके, ऐशी नौबत पपईच्या रानातून गेली, आणि फाटकापाशी कोणी थांबविले नाही.

इतके लिहून होते तो साहेब जागे जाहले, आणि वाचून दाखवावे ऐसा हुकूम जाहला. वाचिले. साहेबीं डंपराचे ठायी मातुश्रींचा पदर धरिला, कमान पडली तेथे टाळी वाजविली, आणि सगळे ऐकून झाल्यावर उरलेली चप्पल हाताने दाबून दाबून चूं चूं करीत बराच वेळ विचार केला. मग मान वर करून एक सवाल पुसिला, ज्याचा जबाब मातुश्रींनी ग्रामसभेत शोधिला, जमनाबाईंचे लसणाचे टोपलीत शोधिला, आणि अजून शोधीत आहेत.

"मम्मी, कानबाईसाठे दार तोडं ना? मंग मन्हासाठे काबरं नही तोडं?"